वही उघडणारी माणसं

१९९६ साली बीबीसीच्या ‘होरायझन’ मालिकेत सायमन सिंग यांचा फर्माच्या शेवटच्या प्रमेयावरचा माहितीपट दाखवला गेला. सुरुवातीलाच अँड्र्यू वाइल्स कागदांच्या पसाऱ्यात बसलेले दिसतात. सात वर्षं त्यांनी हे काम जवळजवळ कुणाला न सांगता केलं होतं. जून १९९३ मध्ये केंब्रिजला सिद्धता जाहीर झाली, जगभर बातमी झाली आणि मग तिच्यात एक खिंडार सापडलं. वर्षभर ते बुजेना. १९ सप्टेंबर १९९४ च्या सकाळी अचानक वाट दिसली. हे सांगू जाताना वाइल्स यांचा गळा दाटतो आणि ते कॅमेऱ्यापासून तोंड फिरवतात.

त्या सिद्धतेतलं मला फारसं कळत नाही. तरी तो क्षण पाहताना दर वेळी माझेही डोळे भरून येतात. एका विचारापायी माणसाला रडू फुटतं, हे पडद्यावर इतकं नितळ मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

कथापटाला हे सहज साधत नाही. विचार करणारा माणूस बाहेरून पाहिला तर नुसता बसलेला असतो. चित्रकाराचा कुंचला दिसतो, गवयाचा सूर ऐकू येतो. गणितज्ञाचं काम डोक्यात चालतं आणि कागदावर उतरलं तरी बहुतेकांना वाचता येत नाही. म्हणून सिनेमाने काही युक्त्या शोधल्या. खिडकीच्या काचेवरची समीकरणं, हवेत तरंगणारे आकडे, फळ्यावर भरभर धावणारा खडू. त्यांनी डोळे दिपतात, पण त्या माणसाच्या मनात काय चाललंय ते कळत नाही. असे बरेच चित्रपट ओळीने पाहिल्यावर माझी एक समजूत पक्की होत गेली. यातले मनात राहणारे चित्रपट प्रतिभावंताचे असतात तितकेच आणखी एका माणसाचे असतात. ज्याच्या हाती ती वही पडते, जो ती उघडतो, कष्टाने वाचतो आणि हे खरं आहे असं म्हणण्याची जबाबदारी घेतो, त्याचे. आपल्याकडे त्याला पारखी म्हणतात. हा आढावा त्या पारख्याच्या बाजूने घेतलेला आहे.

मद्रासहून आलेलं पाकीट

१६ जानेवारी १९१३ ही श्रीनिवास रामानुजन यांच्या पत्रावरची तारीख. मद्रास पोर्ट ट्रस्टमधल्या या कारकुनाने केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना पानंच्या पानं सूत्रं लिहून पाठवली. केंब्रिजमधल्या दोन नामवंतांकडून त्याआधी निराशा पदरी पडली होती. हार्डींनाही पहिल्यांदा शंकाच आली. पण त्या संध्याकाळी सहकारी गणितज्ञ लिटलवुड यांच्यासोबत ती पानं पुन्हा काढली गेली आणि रात्र संपण्याआधी दोघांची खात्री पटली.

मॅथ्यू ब्राउन यांचा ‘द मॅन हू न्यू इन्फिनिटी’ (२०१५) रॉबर्ट कनिगेल यांच्या १९९१ च्या चरित्रावर आधारलेला आहे. रामानुजन झालेत देव पटेल आणि हार्डी झालेत जेरेमी आयर्न्स. मंजुल भार्गव आणि केन ओनो या गणितज्ञांनी मदत केल्यामुळे यातलं गणित नुसतं नेपथ्य राहत नाही. ४ ही संख्या धन पूर्णांकांच्या बेरजेत ५ प्रकारे मांडता येते, हे कुणीही बोटांवर मोजू शकतो. १०० साठी हाच आकडा १९,०५,६९,२९२ होतो. या स्फोटाला सूत्रात कसं धरायचं, हा हार्डी आणि रामानुजन यांचा प्रश्न होता. चित्रपट तो समजावून सांगतो आणि एकाचं ‘मला दिसतं’ व दुसऱ्याचं ‘सिद्ध करून दाखव’ यांतला ताण त्यावर उभा करतो. सिद्धतेचा हट्ट धरणारा हार्डी पडद्यावर कोरडा वाटतो. मला तो हट्ट प्रेमाचाच वाटतो. सूत्र टिकावं म्हणून धरलेला.

घराच्या बाबतीत मात्र चित्रपट सोयीची वाट धरतो. जानकी तिथे तरुण पत्नी आहे. प्रत्यक्षात १९१४ साली रामानुजन बोटीत चढले तेव्हा ती चौदा-पंधरा वर्षांची होती. ज्ञान राजशेखरन यांचा तमिळ ‘रामानुजन’ (२०१४) कुंभकोणमचं घर, आईची पकड आणि कागदालाही महाग असलेले दिवस जास्त जवळून दाखवतो. त्यात आणखी एक गोष्ट ठसते. हार्डींच्या आधी मद्रासमध्येही पारखी होते. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे संस्थापक रामस्वामी अय्यर, पोर्ट ट्रस्टमधले नारायण अय्यर, नेल्लोरचे कलेक्टर रामचंद्र राव. याच सोसायटीचं ग्रंथालय सुरुवातीला पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात होतं आणि तिच्याच नियतकालिकात १९११ साली रामानुजनांचा पहिला लेख छापून आला. हार्डींनी दार उघडलं हे खरं, पण दारापर्यंत पोचवणारे हात आपल्या इथले होते.

गुडघ्यावर बसलेला प्राध्यापक

‘गुड विल हंटिंग’ (१९९७) पूर्ण काल्पनिक आहे. एमआयटीत साफसफाई करणारा पोरगा विल व्हरांड्यातल्या फळ्यावरचं अवघड गणित सोडवून जातो. प्राध्यापक लॅम्बो त्याची तुलना रामानुजनांशी करतो, म्हणजे मद्रासच्या त्या पाकिटाची सावली बॉस्टनपर्यंत पोचलेली आहे. एका प्रसंगात विल आपलीच सिद्धता पेटवून देतो आणि फील्ड्स पदकाचा मानकरी असलेला लॅम्बो गुडघ्यावर बसून तो कागद विझवतो. या माणसाला कळतंय की हे आपल्याला कधीच सुचलं नसतं आणि तरी ते जळू द्यायचं नाही. पारख किती जिव्हारी लागू शकते, ते त्या एका हालचालीत दिसतं.

गणित ओळखतो लॅम्बो, पोराला ओळखतो रॉबिन विल्यम्सने साकारलेला मानसोपचारतज्ज्ञ, आणि त्याची किंमत सगळ्यात स्वच्छ शब्दांत सांगतो बांधकामावर राबणारा मित्र. गणिताची एक ओळ न कळणारा हा मित्र त्याला बजावतो की तू इथेच राहिलास तर तो आम्हा सगळ्यांचा अपमान होईल. मला तो तिसरा पारखी सर्वांत मोठा वाटतो.

‘प्रूफ’ (२००५) डेव्हिड ऑबर्न यांच्या नाटकावरून आला. शिकागोतल्या दिवंगत गणितज्ञाच्या घरात एक वही सापडते, तिच्यात अजोड सिद्धता असते आणि मुलगी म्हणते, ही मी लिहिली. तिच्या जवळच्या माणसांनाही ते पटत नाही. सिद्धता पारखायचे नियम ठरलेले आहेत. माणसाला पारखताना मात्र पदवी, वय, बाईपण सगळं आड येतं. अ‍ॅना नोव्हियों यांच्या ‘मार्गरीट्स थिअरम’ (२०२३) मध्ये गोष्ट उलटी आहे. पॅरिसमधली संशोधक भर व्याख्यानात आपली सिद्धता कोसळताना पाहते आणि पळून जाते. ज्याने चूक दाखवली, त्याच्याच सोबतीने ती पुन्हा उभी राहते. वाइल्स यांच्या सिद्धतेतलं खिंडारही तपासणाऱ्यामुळेच उघड झालं होतं.

‘अ ब्यूटिफुल माइंड’ने (२००१) गणितज्ञ जॉन नॅश यांचा आजार दृश्य केला. नॅश यांना आवाज ऐकू येत. चित्रपटाने त्यांना चालतीबोलती माणसं दिली. प्राध्यापकांनी पेनं अर्पण करण्याचा समारंभही पटकथेतलाच. नोबेलची बातमी घेऊन अनोळखी माणूस येतो, तेव्हा नॅश शेजारच्या विद्यार्थिनीला विचारतात, हा गृहस्थ तुला दिसतोय का? स्वतःचं मन पारखून घ्यायला दुसऱ्याचे डोळे उसने मागणारा हा प्रश्न मी विसरू शकत नाही. चित्रपटाने अ‍ॅलिशिया यांनी नॅश यांच्यापासून १९६३ साली घेतलेला घटस्फोट गाळला. त्या खऱ्या आयुष्यात वेगळ्या झाल्या, १९७० साली त्यांनीच नॅश यांना पुन्हा घरात आसरा दिला आणि २००१ साली दोघांनी पुन्हा लग्न केलं. खरी गोष्ट चित्रपटापेक्षा मोठी आहे.

एकट्याचं मिथक

पारख्याला वगळलं की गोष्ट कशी पातळ होते, याचं उदाहरण ‘द इमिटेशन गेम’ (२०१४). बेनेडिक्ट कंबरबॅचचा अ‍ॅलन ट्युरिंग सगळ्यांविरुद्ध एकटा लढतो. वास्तवात जर्मनांच्या ‘एनिग्मा’ या सांकेतिक यंत्रावर पोलंडचे मारियान रेयेव्स्की आणि त्यांचे दोन सहकारी वर्षानुवर्षं काम करत होते आणि जुलै १९३९ मध्ये त्यांनी सगळं ज्ञान ब्रिटिश व फ्रेंचांच्या हाती दिलं. ट्युरिंग यांच्या यंत्रात गॉर्डन वेल्चमन यांनी कळीची सुधारणा केली; चित्रपटात वेल्चमन नाहीत. ज्या देशाने या बुद्धीचा उपयोग करून घेतला, त्याने १९५२ साली समलिंगी संबंधांबद्दल ट्युरिंग यांना दोषी ठरवलं. १९५४ साली ते गेले आणि माफी मिळायला २०१३ उजाडलं. ‘ओपेनहायमर’ (२०२३) हेच दुसऱ्या देशात दाखवतो. अणुबॉम्बमुळे १९४५ चा नायक ठरलेला माणूस १९५४ मध्ये चौकशीच्या खुर्चीत बसतो. चौकशीत त्याच्याविरुद्ध गेलेला निर्णय २०२२ मध्ये रद्द झाला. सरकार गुण ओळखतं ते गरजेपुरतं, असं या दोन चित्रपटांनी मला शिकवलं.

‘हिडन फिगर्स’ (२०१६) मला फार आवडतो आणि म्हणूनच त्यातली एक जागा खुपते. नासातल्या गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन यांना दूरच्या इमारतीतल्या, कृष्णवर्णीयांसाठीच्या स्वच्छतागृहात धावत जावं लागतं आणि गोरा वरिष्ठ हातोड्याने ती पाटी फोडतो. हा वरिष्ठ काल्पनिक आहे. जॉन्सन स्वतः जवळचंच स्वच्छतागृह वापरत. तो अपमान सोसला होता त्यांच्या सहकारी मेरी जॅक्सन यांनी. खरी पारख दुसऱ्या प्रसंगात आहे. २० फेब्रुवारी १९६२ च्या उड्डाणाआधी अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी हट्ट धरला, संगणकाने काढलेले आकडे आधी जॉन्सन यांनी हाताने तपासावेत. पडद्यावर हे ऐन वेळी, धावपळीत घडतं. प्रत्यक्षात ती तपासणी उड्डाणाच्या दिवसाआधी झाली आणि तिला दीड दिवस लागला. त्या दीड दिवसाची शांत, चिकाटीची बैठक मला पाहायला आवडली असती.

आपल्या घरातलं

‘शकुंतला देवी’ (२०२०) आईकडे मुलीच्या नजरेने पाहतो. १८ जून १९८० रोजी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात १३ अंकी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत करणारी बाई जगाला थक्क करते, आणि मुलीला आईचा वेळ हवा असतो. विद्या बालन यांनी दोन्ही बाजू जिवंत केल्या आहेत.

समीर विद्वांस यांचा मराठी ‘आनंदी गोपाळ’ (२०१९) पारख्याचं सर्वांत अवघड रूप दाखवतो. पोस्टात नोकरी करणारे गोपाळराव बायकोला शिकवायचंच, या ध्यासाने पेटलेले आणि त्यापायी कठोरही झालेले. दहा दिवसांचं मूल गमावलेली आनंदी जेव्हा स्वतःहून डॉक्टर व्हायचं म्हणते, तेव्हा तो हट्ट तिचा होतो. १८८६ साली फिलाडेल्फियाहून पदवी आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविसावं वर्ष पूर्ण होण्याआधी मृत्यू. भाग्यश्री मिलिंद आणि ललित प्रभाकर यांनी या नात्याची धार कुठेही बोथट केलेली नाही.

आणि मला पडद्यावर पाहायचे आहेत ते देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. फार तर सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या ६१७४ वर येऊन थांबते. डोंबिवली स्टेशनवर सुचलेल्या संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ नाव दिलं. आपल्याकडच्या अनेक विद्वानांना हे काम किरकोळ वाटलं. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं आणि मास्तरांचं नाव जगभर गेलं. काचेवरच्या समीकरणांची इथे गरजच नाही. प्रेक्षक खुर्चीत बसल्या बसल्या मास्तरांसोबत वजाबाकी करू शकतील.

न चित्रित झालेला प्रसंग

शेवटी तपन सिन्हा यांचा ‘एक डॉक्टर की मौत’ (१९९०). कुष्ठरोगावरची लस शोधणाऱ्या डॉक्टरला हेवा, चौकश्या आणि बदली सोसावी लागते आणि श्रेय परदेशी जातं. पंकज कपूर यांचा संताप आणि शबाना आझमी यांचं मूक सोसणं अजून अंगावर येतं. या कथेमागे कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय आहेत. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, म्हणजे जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळानंतर ७० दिवसांनी, त्यांच्या प्रयत्नांतून दुर्गा जन्मली. सरकारी समितीने त्यांचा दावा धुडकावला, त्यांची बदली नेत्रविज्ञान संस्थेत झाली आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी जीवन संपवलं. चित्रपटातल्या डॉक्टरला शेवटी परदेशातून बोलावणं येतं. मुखोपाध्याय यांची वही मिटलेलीच राहिली.

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षा जन्मली आणि ते भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ म्हणून गाजलं. त्या कामातले वैज्ञानिक होते डॉ. टी. सी. आनंद कुमार. १९९७ साली मुखोपाध्याय यांची हस्तलिखित टिपणं त्यांच्या हाती आली. त्यांनी ती वाचली, तपासली, आणि ‘करंट सायन्स’मध्ये लेख लिहून जाहीर केलं की पहिला मान मुखोपाध्याय यांचा.

सिन्हा यांच्या चित्रपटात हा प्रसंग नाही. तो घडायला अजून सात वर्षं होती. पण या सगळ्या चित्रपटांचा शेवट म्हणून माझ्या डोळ्यांसमोर तोच येतो. टेबलावर दुसऱ्याच्या अक्षरातली पिवळी पडलेली पानं, समोर एक माणूस, खोलीत शांतता. तो वाचतो आहे. एकेक पान उलटताना त्याला कळत जातं की आपला पहिला क्रमांक आपल्या हातून निसटतो आहे, आणि तरी तो पुढचं पान उलटतो.