शस्त्र परवाना, रिव्हॉल्वर आणि होल्स्टर : निवेदन देण्याआधी समजून घ्यायच्या गोष्टी

अत्याचाराची बातमी आली की दोन दिवसांत सोशल मीडियावर मागणी सुरू होते, 'आम्हाला स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाने द्या.' मोर्चाच्या निवेदनात हा मुद्दा चौथ्या-पाचव्या क्रमांकावर असतोच. निवेदन कलेक्टर ऑफिसात दिले जाते, फोटो निघतो आणि विषय तिथेच थांबतो. परवाना कोणत्या नियमाखाली मागायचा, मिळालाच तर कोणते हत्यार घ्यायचे, ते रोज अंगावर कसे बाळगायचे, यावर आपल्या बैठकांत कोणी बोलत नाही. ज्या कार्यकर्त्याला खरोखर धमक्या येत आहेत, त्याला मात्र हीच माहिती हवी असते. म्हणून हा लेख.

कायदा काय सांगतो

अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम १९८९ चा आहे आणि त्याखालील नियम १९९५ चे आहेत. त्यातला नियम ३ प्रत्येक कार्यकर्त्याने वाचला पाहिजे. जिथे अत्याचार होण्याची किंवा पुन्हा होण्याची भीती आहे असे क्षेत्र राज्य सरकारने आधी निश्चित करायचे आहे. त्या क्षेत्रात गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी शस्त्र परवाने देण्याची तरतूद याच नियमात आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, त्यामुळे ही तरतूद आपल्यालाही लागू होते.

पण त्याच यादीत परवाने देण्याच्या आधी आणखी दोन गोष्टी लिहिल्या आहेत. एक, गरज भासल्यास त्या क्षेत्रातील अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्र परवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करणे. दोन, बेकायदा शस्त्रे जप्त करणे. आपल्या निवेदनांत या दोन मागण्या क्वचितच दिसतात. ज्या गावात धमकी देणाऱ्याच्या घरी परवान्याची बंदूक आहे, तिथे आपल्या वस्तीत एक रिव्हॉल्वर आणण्यापेक्षा ती बंदूक जमा करून घेणे जास्त उपयोगाचे आहे. निवेदनात ही मागणी वर घ्या, परवान्याची खाली घ्या.

परवान्याची प्रक्रिया शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ प्रमाणे चालते. अर्जदाराचे वय २१ पूर्ण हवे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, आणि पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात आयुक्तांकडे जातो. पोलीस चौकशी होते, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागते. धोका कशामुळे आहे हे कागदावर दाखवावे लागते. त्यासाठी एफआयआर, अदखलपात्र तक्रारीची नोंद, धमकीचे मेसेज आणि कॉलची नोंद जपून ठेवा. परवाना हा मूलभूत हक्क नाही, तो नाकारला जाऊ शकतो. मात्र अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून तो नाकारता येत नाही, हे कलम १४ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. 'तुझ्याकडे राखायला आहे काय?' असे कोणी विचारले तर हे कलम दाखवा. नकाराची कारणे मागा आणि अपील करा.

आणि गावठी कट्ट्याचा विचारही नको. विनापरवाना शस्त्र बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे. शिवाय अत्याचाराच्या केसमधला फिर्यादीच एका रात्रीत आरोपी होतो. समोरच्या पक्षाला याहून सोयीचे काही नसते.

धम्माच्या बाजूने

'पंचशील घेतलेल्या माणसाने रिव्हॉल्वर बाळगावे का?' हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. उपासकाने न करावयाच्या पाच व्यापारांत शस्त्रांचा व्यापार पहिला सांगितला आहे. दुसरीकडे, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेची चर्चा करताना मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. अहिंसा हे त्यांच्या मते तत्त्व आहे, आंधळेपणाने पाळायचा नियम नाही. म्हणजे निर्णयाची जबाबदारी माणसावर आली. कमरेला हत्यार आल्यावर ज्याचा आवाज चढतो, त्याच्या मनात इच्छा शिरली आहे. अशा माणसाने अर्जच करू नये, असे आम्हाला वाटते.

कायद्याची कसोटीही याच्या जवळ जाते. भारतीय न्याय संहितेतील ३४ ते ४४ ही कलमे स्वसंरक्षणाची आहेत. बचावाला जेवढी आवश्यक तेवढीच इजा करता येते. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा अधिकार मिळत नाही. हल्लेखोर पळून गेल्यावर मागून झाडलेली गोळी हा बचाव ठरत नाही.

आधी धोका ओळखा

हँडगन एका प्रकारच्या धोक्यासाठी असते. एकट्या-दुकट्या माणसावर अगदी जवळून प्राणघातक हल्ला होतो तेव्हा. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एका कुटुंबातील चौघांना जमावाने मारले. जमावासमोर सहा गोळ्यांचे रिव्हॉल्वर फार काळ टिकत नाही. ते हिसकावले गेले तर पुढची गोळी आपल्यावरच येते. वस्तीवरच्या सामूहिक हल्ल्याच्या भीतीला उत्तर म्हणजे पोलीस बंदोबस्त, रस्त्यावर दिवे, कॅमेरे, रात्री जागे असणारे लोक आणि फोन उचलणारा अधिकारी. पीडित व साक्षीदारांना संरक्षण मागण्याचा हक्क अत्याचार प्रतिबंध कायद्याच्या कलम १५अ मध्ये आहे. तो अर्ज आधी द्या.

साक्षीला एकटे जावे लागणारा फिर्यादी, जमिनीच्या वादात धमक्या येणारा शेतकरी, रात्री उशिरा गावोगाव फिरणारा कार्यकर्ता यांचा धोका वेगळा आहे. पुढचे मुद्दे त्यांच्यासाठी.

रिव्हॉल्वर की पिस्तूल

यूट्यूबवर हँडगन निवडीचे शेकडो व्हिडिओ आहेत. बहुतेक अमेरिकेतले आणि ९ मिमी पिस्तुलांचे. ते बोअर आपल्याकडे सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित आहे. आपल्यासमोर व्यवहारात ३२ बोअर किंवा २२ बोअर एवढाच पर्याय असतो. सरकारी आयुध कारखाने ३२ बोअरचे रिव्हॉल्वर व पिस्तूल बनवतात. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आणलेले 'निर्भीक' हे ३२ बोअरचे रिव्हॉल्वर सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे होते आणि त्याची किंमत होती सव्वा लाखाच्या आसपास. ज्या बाईला रोजंदारीवर जावे लागते, तिच्या संरक्षणाची ही किंमत! हा मुद्दाही निवेदनात यायला हवा.

रिव्हॉल्वरची रचना सोपी आहे. फिरत्या चक्रात सहसा सहा काडतुसे. एखादे काडतूस फुसके निघाले तर ट्रिगर पुन्हा दाबायचा, चक्र फिरून पुढचे काडतूस समोर येते. चक्र बाहेर काढले की भरलेले आहे की रिकामे हे डोळ्यांना दिसते. तोटे असे : चक्रामुळे जाडी वाढते, ट्रिगर जड असतो, पुन्हा भरायला वेळ लागतो.

पिस्तूल चपटे असते, कपड्याखाली कमी दिसते, मॅगझीनमध्ये काडतुसे थोडी जास्त बसतात. पण स्लाइड मागे खेचायला हाताला जोर लागतो, काडतूस अडकले तर ते सोडवण्याचा सराव लागतो. सर्वात मोठा धोका म्हणजे मॅगझीन काढले तरी नळीच्या मागच्या टोकाशी एक काडतूस राहू शकते. 'रिकामे होते' म्हणत झालेले अनेक अपघात याच एका काडतुसाचे असतात. आणखी एक, ३२ बोअरच्या रिव्हॉल्वरचे आणि पिस्तुलाचे काडतूस वेगळे असते, एकाचे दुसऱ्यात चालत नाही.

आमचे मत : महिन्यातून एकदाही रेंजवर जाणे जमणार नसेल तर पिस्तूल घेऊ नका, रिव्हॉल्वर घ्या. तेही जमणार नसेल तर काहीच घेऊ नका. दुकानात हत्यार हातात धरून पाहा. बोट ट्रिगरपर्यंत नीट पोचते का, मनगट न वळता पकड बसते का, ट्रिगर न थरथरता दाबला जातो का, हे तपासा. फार हलके हत्यार खिशाला बरे वाटते, पण गोळी सुटताना जास्त धक्का देते.

होल्स्टर ही शोभेची वस्तू नाही

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी हँडगन अंगाला लावलेल्या होल्स्टरमध्ये किंवा पाठीवरच्या सॅकसारख्या पिशवीत असली पाहिजे. ती पूर्ण झाकलेली हवी आणि तिच्यावर बाळगणाऱ्याचा प्रभावी ताबा हवा. नुसती पँटीत खोचलेली, शर्टाबाहेर दिसणारी किंवा मोटारसायकलच्या डिकीत टाकलेली हँडगन यात बसत नाही.

चांगल्या होल्स्टरच्या पाच खुणा लक्षात ठेवा.

१. ट्रिगर आणि त्याभोवतीचे कडे पूर्ण झाकले जाते. कपडा, किल्ली किंवा बोट आत शिरता कामा नये.

२. ते त्याच मॉडेलच्या मापाचे असते. 'सगळ्यांना बसते' असे सांगून विकलेले मऊ कापडी होल्स्टर नको.

३. वाकले, धावले, खड्ड्यातून गाडी गेली तरी हत्यार निसटत नाही. गर्दीत फिरणाऱ्याने वर पट्टा असलेलेच घ्यावे, म्हणजे मागून कोणी ओढून घेणार नाही.

४. हत्यार काढल्यावर तोंड उघडे राहते. मिटणाऱ्या होल्स्टरमध्ये परत ठेवताना चामड्याची घडी ट्रिगरवर दाब देऊ शकते.

५. पट्टा जाड आणि कडक असतो. साध्या पट्ट्यावर होल्स्टर लोंबते आणि दर दोन मिनिटांनी हात तिथे जातो. पाहणाऱ्याला लगेच कळते.

चामड्याचे होल्स्टर घामाने व पावसाने मऊ पडते, हत्याराला गंज धरतो. पावसाळ्यात रोज पुसून कोरडे करा.

घर, जयंती आणि निवडणूक

प्रत्येक हत्यार भरलेलेच आहे असे समजा. नळी कधीही माणसाकडे नको. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. लक्ष्याच्या मागे काय आहे ते पाहा. पत्र्याच्या घरांच्या वस्तीत हा शेवटचा नियम जिवावरचा आहे, कारण गोळी पत्रा भेदून शेजारच्या पाळण्यापर्यंत जाते. घरी हत्यार आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपात ठेवा. घरात दारू पिणारा असेल किंवा कोणी खचलेल्या मनःस्थितीत असेल, तर हत्यार आणूच नका.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत, रीलमध्ये, वाढदिवसाच्या केकवर हत्यार दिसले तर गुन्हा दाखल होतो, परवाना जातो आणि पुढच्या खऱ्या अर्जदाराचीही वाट अडते. आनंदाच्या भरात जीव धोक्यात घालणारा गोळीबार केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

निवडणूक जाहीर झाली की परवान्याची शस्त्रे जमा करून घेण्याचे आदेश निघतात. गावात तणाव सर्वाधिक असतो त्याच काळात हत्यार पोलीस ठाण्यात असू शकते. खरा धोका असेल तर छाननी समितीकडे वेळेत सवलतीचा अर्ज करा. आणि सुरक्षेची सगळी मदार त्या एका वस्तूवर ठेवू नका.

या महिन्यात करायचे काम

आपल्या जिल्ह्यात माहिती अधिकाराखाली चार प्रश्न विचारा. नियम ३ खाली कोणती क्षेत्रे निश्चित केली आहेत? तिथे किती परवाने रद्द झाले, किती शस्त्रे जमा झाली? अनुसूचित जाती-जमातींच्या किती लोकांना परवाने दिले? जिल्हा दक्षता समितीच्या गेल्या वर्षभरात किती बैठका झाल्या? उत्तर 'निरंक' आले तरी ते कागदावर घ्या. पुढच्या वेळी निवेदनासोबत तो कागद जोडता येईल.

जय भीम!