साखरांब्याची वाटी किती ग्रॅमची?

पुण्याच्या मंडईत कैरी किलोवर मिळते, हापूस डझनावर आणि स्ट्रॉबेरी खोक्यावर. घरात आल्यावर मात्र सगळ्यांचं माप एकच, वाटी. साखरांबा कसा करायचा, तर ‘किसाला वाटीस वाटी साखर’. परदेशातली सून फोनवर विचारते, ‘म्हणजे किती ग्रॅम, आई?’ आणि आई सांगून मोकळी होते, ‘अगं, सारखंच!’

तिथेच गणित चुकतं. २४० मिलिलिटरच्या कपात साखर साधारण २०० ग्रॅम बसते. कैरीचा सैल भरलेला कीस जेमतेम शंभर-एकशेदहा ग्रॅम. म्हणजे वाटीस वाटी घेणाऱ्या आईच्या साखरांब्यात किसाच्या जवळजवळ दुप्पट साखर असते. सुनेने वजनाने सारखी घेतली, तर तिची साखर निम्म्यावर येते. मग पाक आटवायला वेळ जास्त लागणार, आणि घाईने उतरवला तर बुरशी ठरलेली. जॅममध्ये विरघळलेले घटक, म्हणजे मुख्यतः साखर, किमान ६५ टक्के हवेत असा आपल्याकडचा नियम आहे, तो काही नुसत्या गोडीसाठी नाही.

फरक पाडते ती फोडींमधली हवा. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात एक कप अख्खी स्ट्रॉबेरी १४४ ग्रॅम, चकत्या १६६ आणि गर २३२ ग्रॅम. केळ्याच्या चकत्या १५०, कुस्करलेलं केळं २२५. तेव्हा ‘एक कप केळं’ शिकरणाचं की फ्रूट सॅलडचं, हे कळल्याशिवाय ग्रॅम सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आमरसाचं तसं नाही. रसात हवा नसते, त्यामुळे मिलिलिटर आणि ग्रॅम जवळजवळ सारखेच. साखरेमुळे रस पाण्याहून किंचित जड, इतकंच. तिथे प्रश्न साल-कोयीचा. अडीचशे ग्रॅमच्या हापूसमधून दीडशे ग्रॅमच्या आसपास रस निघतो. सीताफळाचा गर तर बहुधा निम्म्याहूनही कमी. बासुंदीला अर्धा किलो गर हवा असेल, तर पुरंदरची सीताफळं किलोभर आणून भागत नाही.

आपल्या आज्या-पणज्यांना हा गोंधळ नवा नव्हता. शेर वजनाचाही होता आणि मापाचाही. चार मापी शेरांची पायली. १९५६च्या कायद्याने देशात मेट्रिक मापं आणली, बाजारातला शेर गेला. वाटीला कुणी हात लावला नाही, आणि घराघरातल्या वाट्या आजही वेगवेगळ्या आहेत.

म्हणून पाककृती लिहून पाठवायची असेल तर एवढं करा. वाटी काठोकाठ पाण्याने भरा आणि पाण्याचं वजन करा. जितके ग्रॅम, तितक्या मिलिलिटरची तुमची वाटी. मग त्याच वाटीत कीस नेहमीसारखा भरून तोलून पाहा, साखरही तोला, आणि दोन्ही आकडे कृतीच्या शेजारी लिहा. फळाचं वजन सोलल्यानंतरचं की आधीचं, हेही लिहायला विसरू नका.