नदीची वाळू

विद्यार्थी मित्रांनो, घराचे बांधकाम चालू असताना दारात पडलेला वाळूचा ढीग तुम्ही पाहिलाच असेल. उर्दूत आपण जिला 'रेत' म्हणतो, तीच ही वाळू. मराठीत तिला 'रेती' असेही म्हणतात. ही वाळू कोठून येते आणि ती नेल्यावर मागे काय उरते, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का?

आपल्या हिंगोली जिल्ह्यातून कयाधू, पैनगंगा आणि पूर्णा या नद्या वाहतात. पावसाळ्यात पाणी खडकांचा चुरा वाहून आणते. पूर ओसरला, की तो पात्रात साचतो. पूर्वी मराठवाड्यात दगडमातीची माळवदाची घरे असत. त्यांना वाळू फारशी लागत नसे. पुढे सिमेंटची घरे आणि पूल आले आणि वाळूची गरज वाढली. वाळवंटात वाळू अफाट असते. पण वाऱ्याने घासून तिचे कण बारीक व गुळगुळीत होतात. ते काँक्रीटमध्ये नीट धरून राहत नाहीत. म्हणून नदीच्या वाळूला मागणी आली. वाळूघाटांचे लिलाव होऊ लागले. वाळू ब्रासवर विकली जाऊ लागली. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. फावड्यांच्या जोडीला यंत्रे आली.

यात नुकसान कोणते? वाळूच्या कणांमध्ये पोकळी असते. वाळूच्या ढिगाचा सुमारे एक तृतीयांश भाग अशी पोकळी असते आणि तिच्यात पाणी साठते. वरून कोरडे दिसणारे पात्रही पोटात पाणी राखते व काठच्या विहिरींना आधार देते. वाळू खरवडून नेली, की हा साठा संपतो. पात्र खोल जाते, विहिरींची पातळी खालावते, काठ ढासळतात आणि पुलांचे पाये उघडे पडतात.

म्हणूनच बंधने आली. 27 फेब्रुवारी 2012 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 5 हेक्टरांहून लहान घाटांनाही पर्यावरणविषयक परवानगी आवश्यक ठरवली. तरीही चोरटा उपसा पूर्ण थांबला नाही. आता काळा दगड भरडून कृत्रिम वाळू तयार करतात. 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने तिच्यासाठी धोरण आखले. त्यामुळे नदीवरचा भार हलका होऊ शकतो. मात्र दगडासाठी डोंगर फोडावे लागतात, हेही विसरून चालणार नाही.

मित्रांनो, घर प्रत्येकाला हवे. पण घरातल्या माठात पाणीही हवे. नदीला वाळू साचवायला अनेक पावसाळे लागतात. ती जपून वापरली, तरच विहिरीला पाणी राहील.