मोंढ्यातला मुनीम आणि हजार फुटांचं लॉन

उदगीरला नवा बंगला बांधणारा माणूस बाग करायला मला बोलावतो, तेव्हा फाटकातच सांगून टाकतो, "समोर लॉन पाहिजे." मोबाइलमध्ये फोटो तयार असतो आणि तो बहुधा बारा महिने पाऊस पडणाऱ्या कुठल्या तरी देशातला असतो. मी नाही म्हणत नाही. टेप धरतो, वही काढतो आणि हिशेब मांडतो. हिशेब हा माझा मूळचा धंदा. बागा आखायला लागण्याआधी मी इथल्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम होतो. तूर, हरभरा, सोयाबीनच्या पट्ट्या लिहिण्यात उमेदीची वर्षं गेली.

तर हिशेब असा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. हजार चौरस फुटांचं लॉन म्हणजे ९३ चौरस मीटर. पावसाळा सोडला तर आपल्या हवेत लॉनला दिवसाला पाच-साडेपाच मिलिमीटर पाणी लागतं. उन्हाळ्यात त्याहून जास्त. रोजचे ५०० लिटर धरा. ऑक्टोबर ते मे असे आठ महिने मोजले, तर १,२०,००० लिटर झाले. पाच हजार लिटरचे चोवीस टँकर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते कुणी विसरलेलं नाही. 'जलदूत'च्या पहिल्या फेरीला दहा वाघिणी होत्या, एकेकीत सुमारे पन्नास हजार लिटर. त्या अख्ख्या गाडीचं पाणी असल्या चार लॉनांना आठ महिने पुरलं असतं, पाचव्याला नाही. एवढं ऐकल्यावर घरधनी जरा दमानं घेतात. वहिनी मात्र लगेच विचारतात, "मग काय लावायचं ते तरी सांगा."

माझं काम तिथून सुरू होतं. लोकांना वाटतं बाग आखणारा म्हणजे फुलं निवडणारा. फुलांचा नंबर फार उशिरा लागतो. आधी पाणी कुठून येणार आणि कुठं जाणार, मग सावली कुठं पडणार, मग पायाखाली काय, आणि मग झाडं. स्लॅबवर पडणारं पाणी हे आपल्याकडं सगळ्यात दुर्लक्षित धन आहे. लातूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हजार फुटांच्या स्लॅबवरून गळती, बाष्पीभवन वजा जाता साठेक हजार लिटर पाणी मिळतं. ते सगळं साठवायला हौद कुणाला परवडत नाही. थोडं हौदात, बाकीचं गाळून बोअरला द्यायचं. वरच्या हिशेबातलं निम्मं लॉन एवढ्यावर निघालं असतं, असं एका हुशार गृहस्थांनी मला ऐकवलं. खरं आहे, पण पाऊस जूनमध्ये येतो आणि लॉनला तहान लागते एप्रिलमध्ये. मधले महिने ते पाणी ठेवणार कुठं?

मी हा धंदा का धरला, याचं उत्तर फारसं रम्य नाही. दुकानाचे हिशेब संगणकावर गेले, मालकांचा मुलगा शिकून आला, स्वतः बघायला लागला. पगार चालू होता, काम उरलं नव्हतं. दुपारी रिकाम्या वेळी मोंढ्यासमोरच्या नर्सरीत जाऊन बसायचो. तिथले काका पिशव्या भरायला लावायचे, मी भरायचो. मग नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा फुलशेती आणि प्रांगण उद्यानाचा अभ्यासक्रम केला. माझ्यासारख्या नोकरी करत शिकणाऱ्यासाठी ती सोय फार मोठी आहे. आमच्या मामांना हे पटलं नाही. "शिकूनसवरून माळीकाम करूलालास म्हणं?" असं ते भर लग्नात म्हणाले. मी म्हटलं, मामा, माळी माझ्याहून जास्त जाणतो, मी नुसता कागदावर आखतो. ते खरंच होतं. छाटणी कुठं आणि किती घ्यायची हे मला आजही आमच्या गड्यांना विचारावं लागतं.

याच अभ्यासाच्या काळात गर्ट्रूड जेकिल या इंग्रज बाईंविषयी वाचलं. १८४३चा जन्म. चित्रकला शिकलेल्या, भरतकामात आणि चांदीच्या कामात तरबेज. डोळे अधू होत गेले, जवळचं बारीक काम सोडावं लागलं, आणि पन्नाशीच्या तोंडावर त्या पुरत्या बागांकडं वळल्या. १९३२ मध्ये गेल्या तोवर चारशेहून जास्त बागा आखून झाल्या होत्या. नवी दिल्ली उभारणाऱ्या लटयेन्सच्या कितीतरी घरांभोवतीच्या बागा त्यांच्या. मला त्यातलं महत्त्वाचं वाटलं ते वय नव्हे. चित्रकाराची रंगांची जाण त्यांनी टाकून दिली नाही, ती फुलांच्या ताटव्यात वापरली. धंदा बदलणारे बहुतेक लोक जुनं सगळं पुसून नव्यानं सुरुवात करायला जातात. माझ्या मते तो आतबट्ट्याचा व्यवहार आहे. शिक्षिका असाल तर समजावून सांगायची हातोटी आणा, गवंडी असाल तर उतार काढायचा डोळा. मी खतावणी आणली.

आता माती. उदगीर परिसरात भारी काळी जमीन भरपूर, आणि ती बागेत दोन प्रकारे छळते. पहिला छळ हालचालीचा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर सरळ फरशी टाकली की दुसऱ्या उन्हाळ्यात फरशी डुगडुगते. म्हणून पायवाटेची काळी माती दीड-दोन फूट काढायची, मुरूम भरायचा, पाणी मारून धुम्मसानं ठोकायचा आणि वर शहाबादी फरशी सांधे मोकळे ठेवून बसवायची. शहाबाद आपल्या शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातलं, फरशी जवळून येते. तरी लोकांना चकचकीत टाइल हवी असते. भर उन्हाळ्यात दुपारी तिच्यावर अनवाणी उभं राहून दाखवा, असं मी म्हणतो.

दुसरा छळ चुनखडीचा. तो दिसायला वेळ लागतो. आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रक भरून रोपं येतात, त्यात एक्झोरा हमखास. नर्सरीत लालभडक गुच्छांनी लगडलेला. घरी लावला की काही महिन्यांत शेंड्याची पानं पिवळी पडू लागतात. जवळ जाऊन बघा: पानाच्या शिरा हिरव्याच राहतात, मधली जागा तेवढी पिवळी, जाळी काढल्यागत. नवी पानं आधी पिवळी पडली तर लोह मिळत नाही. जुनी, खालची पानं आधी पिवळी पडली तर बहुधा नत्र कमी. सोयाबीनवाल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, त्यानं ते रानात पाहिलेलं असतं. जमिनीत लोह असतं, पण चुनखडीच्या, सामू आठच्या वर गेलेल्या मातीत ते मुळांना घेता येत नाही. वर बोअरचं जड पाणी. युरिया टाकून उपयोग नाही. हिराकस, म्हणजे लोहाचाच क्षार, जमिनीत दिलं तरी तेही लवकरच अडकून पडतं. लिटरला पाच ग्रॅम हिराकस, चिमूटभर सायट्रिक ॲसिड, आणि संध्याकाळी पानांवर फवारणी, यानं रंग परततो. पुढची पालवी पुन्हा पिवळीच.

म्हणून मी सांगतो, हट्ट कुंडीपुरता ठेवा. कुंडीत माती आपल्या हातची असते. जमिनीत तगर, पारिजातक, बोगनवेल, मधुमालती, रातराणी लावा. कण्हेर या मातीत मजेत येते, पण ती विषारी. दारात शेळी-वासरू किंवा लहान मूल असेल तर मी कागदावर कण्हेर घेत नाही. कोनोकार्पसला तर आता सरळ नकार देतो. झटपट हिरवी भिंत उभी राहते म्हणून लोक मागतात. गुजरात सरकारनं २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, हे सांगितल्यावरच ऐकतात. सावलीला लिंब, करंज, बहावा. लिंब मात्र भिंतीपासून पंधरा फूट तरी लांब. काळ्या मातीतला ओलावा त्याची मुळं ओढून घेतात आणि कंपाउंडला तडा जातो.

सावलीचा एक बारकावा मोठ्या शहरांतल्या आर्किटेक्टकडूनही सुटलेला पाहिलाय. घराच्या उत्तरेला कायम सावली, असं सगळे धरून चालतात. उदगीरला मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. शून्य सावलीचा दिवस पेपरात येतो, तो याच फेऱ्यातला. उत्तरेच्या भिंतीलगत सावलीची नाजूक झाडं लावली तर ती डिसेंबरात झकास दिसतात आणि मेअखेरीला करपतात.

कागदपत्रांचंही सांगतो, कारण तरुण पोरं विचारतात. पाटीवर 'लँडस्केप आर्किटेक्ट' लिहू नका. १९७२चा आर्किटेक्ट्स ॲक्ट नोंदणीशिवाय 'आर्किटेक्ट' हे नाव लावू देत नाही; 'लँडस्केप आर्किटेक्ट'ला त्यातून सूट आहे, पण ते नाव तो विषय शिकलेल्यांनी लावावं. ती वाट हवी असेल तर आधी बी.आर्क., मग पुण्याच्या भानुबेन नानावटी महाविद्यालयासारख्या ठिकाणी लँडस्केपचं एम.आर्क. आमच्यासारख्यांनी 'बागरचना व देखभाल' लिहावं.

'देखभाल' हा शब्द वगळू नका, कारण घर त्याच्यावरच चालतं. नकाशाला पैसे द्यायची आपल्याकडं रीत नाही. हजार रुपयांचं पाम घेताना हात आखडत नाही, पण ते कुठं लावू नये हे सांगणारा कागद लोकांना फुकट वाटतो. त्यात धंदा हंगामी. जून ते सप्टेंबर जेवायला सवड नाही, मार्चपासून फोन बंद. महिन्याच्या देखभालीची दहा-बारा घरं हाताशी असली की गड्यांचा आठवड्याचा पगार निघतो. त्याआधी नोकरी सोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आणि सोडायचीच असेल तर वर्षभराचा किराणा बाजूला काढून. माझी सौ. शिवणकाम करते, म्हणून पहिले दोन उन्हाळे निभावले.

नकाशाचे पैसे मी आता आधी घेतो, झाडांचे नंतर. तरी बिल हातात पडलं की जुनी ओळख निघतेच. मोंढ्यात शेतकऱ्याच्या मालावर कडता धरायची, म्हणजे तोलात थोडं कापून घ्यायची, जी खोड होती, तीच इथं. गेल्या खेपेला आमच्याच गल्लीतले एक आडते बाग बघून खूश झाले, फरशीवरून दोनदा फिरले, आणि म्हणाले, "मुनीमजी, तीन झाडं वाळली तुमची. कडता किती धरायचा?" मी वही उघडली. पाणी द्यायचे दिवस आणि पाणी दिलेले दिवस, दोन्ही रकाने त्यांच्या गड्याच्या सहीनिशी भरलेले होते.