धूम्रपानमुक्तीचे उपचार व लिंगभेद

धूम्रपान सोडविण्यासाठी निकोटिनयुक्त पट्टी व च्युइंग गम, तसेच ब्युप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लीन ही औषधे वापरतात. त्यांचा गुण स्त्री-पुरुषांना सारखाच येतो असे नाही. इस्ट्रोजेनाच्या प्रभावामुळे स्त्रियांच्या यकृतात निकोटिनाचे विघटन अधिक वेगाने होते. गर्भारपणात हा वेग आणखी वाढतो. पट्टीचा उपयोग स्त्रियांना पुरुषांच्या मानाने कमी होतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात आढळले. व्हॅरेनिक्लिनाने मात्र, निदान पहिल्या काही महिन्यांत, स्त्रियांना अधिक लाभ झाला. गर्भवतींच्या बाबतीत समुपदेशनावरच प्रथम भर देतात.

हे प्रयोग बहुतांशी सिगारेट ओढणाऱ्यांवर झालेले असल्यामुळे महाराष्ट्रातील स्त्रियांना ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात ६ टक्के पुरुष, पण केवळ १.४ टक्के स्त्रिया धूम्रपान करीत. धूरविरहित तंबाखू सेवन करणाऱ्या स्त्रिया १६.६ टक्के होत्या. तंबाखू भाजून व कुटून केलेली मिश्री दातांना लावण्याची चाल ग्रामीण स्त्रियांत रूढ आहे. दंतमंजन म्हणून लावल्या जाणाऱ्या मिश्रीला घरात कोणी व्यसन म्हणत नाही; त्यामुळे ती सोडण्यासाठी दवाखान्यात जाण्याचा प्रश्नच सहसा उद्‌भवत नाही. शिवाय अंकुशनगरसारख्या (जि. जालना) साखर कारखान्याच्या गावी हंगामापुरत्या येणाऱ्या ऊसतोडणी कामगार स्त्रियांना ८ ते १२ आठवड्यांचा उपचार व नंतरचा पाठपुरावा एकाच ठिकाणी पुरा करणे कठीण जाते.