संगणकाची तबकडी आजारी पडते तेव्हां

घरांतील दप्तर सांभाळण्याचें काम पूर्वीं सागवानी पेटीकडे असे. आतां तें संगणकाकडे गेलें आहे. कुलवृत्तान्त, जमिनीचे कागद, मुंजी-लग्नांचीं छायाचित्रें, हें सर्व आपण त्याच्या पोटांतील तबकडीवर ठेवितों आणि निश्चिन्त होतों. पेटीस वाळवी लागली तर निदान भुसा तरी पडलेला दिसतो. तबकडीची कीड मात्र डोळ्यांस दिसत नाहीं. गेल्या वर्षीं हा प्रसंग आमच्यावर आला. त्यांतून जें शिकलों, तें वाचकांच्या उपयोगीं पडेल अशा बुद्धीनें येथें सांगत आहों.

आमच्या मातोश्री जात्यावर म्हणत त्या ओव्या १९८७ सालीं आम्हीं फितीवर घेतल्या होत्या. पुढें मातोश्री गेल्या, फीतही बुरशीनें खराब झाली. परंतु तत्पूर्वीं पुतण्यानें त्या संगणकांत उतरवून ठेविल्या होत्या. दुसरी प्रत नव्हती. श्रावणांतील एका सायंकाळीं नातीस पणजीचा आवाज ऐकवावा म्हणून यंत्र लाविलें, तों तें रेंगाळूं लागलें, आणि एक ओवी अर्ध्यावरच थांबली. “काका, बंद करून पुन्हां लावतों, होईल नीट,” असें पुतण्या म्हणाला. तीन वेळां तसें केलें. तीनही वेळां यंत्र अधिकच मंद झालें. आमच्या धाकट्या सूनबाई याच क्षेत्रांत काम करितात. त्या स्वयंपाकघरांतून आल्या आणि म्हणाल्या, “बाबा, आधीं वीज बंद करा. आतां त्यास जितकें चालवूं तितकें आपलें नुकसान आहे.” त्या एका वाक्यानें पुढचें सर्व वांचलें, असें आम्ही आज म्हणतों.

याचें कारण तबकडीच्या रचनेंत आहे. ज्यास हार्ड डिस्क म्हणतात, तिच्या आंत चुंबकीय लेप दिलेल्या गुळगुळीत तबकड्या मिनिटास बहुधा ५४०० किंवा ७२०० फेरे घेत असतात. वाचणारें टोंक, म्हणजे हेड, तबकडीस न टेकतां हवेच्या पातळ थरावर तरंगतें. हें अंतर अवघें कांहीं नॅनोमीटर; मनुष्याचा केस त्याच्या हजारों पट जाड. अशा ठिकाणीं धुळीचा कण म्हणजे पर्वतच होय. म्हणून घरीं झांकण उघडून पाहणें हा आत्मघात समजावा. मजकूर सेक्टर नांवाच्या बारीक कप्प्यांत लिहिलेला असतो. एकादा कप्पा वाचतां येईनासा झाला, कीं तबकडी त्यावर पुनःपुन्हां प्रयत्न करीत बसते. यंत्र रेंगाळतें तें बहुधा यामुळेंच. अशा कप्प्यांची नोंद ती स्वतःच ‘स्मार्ट’ नामक यादींत ठेविते, आणि तो आकडा वाढूं लागला तर दुखणें बळावलें असें जाणावें.

अशा वेळीं लोक दोन चुका करितात. एक, यंत्र पुनःपुन्हां चालू करणें. दुसरी, दुरुस्तीचे उपाय मूळ तबकडीवरच करणें. आम्हांस एका दुकानदारानें फॉरमॅट करण्याचा सल्ला दिला होता. तो मानला असता तर ओव्यांची आशाच संपली असती. तबकडी शीतपेटींत ठेवण्याचा उपायही सांगितला जातो. त्यानें आंत दंव धरून हानि होण्याचा संभव असतो. आणि तबकडींतून टकटक असा आवाज येऊं लागला, तर घरगुती खटपट सोडून ती धूळरहित कार्यशाळा असलेल्या तज्ज्ञांकडे द्यावी.

आमची तबकडी टकटकत नव्हती. सूनबाईंनीं ती काढून दुसऱ्या संगणकास जोडिली आणि तिच्याहून मोठ्या नव्या तबकडीवर ‘डीडीरेस्क्यू’ या कार्यक्रमानें तिची नक्कल करण्यास आरंभ केला. अंतोनियो दियाज दियाज यांनीं रचिलेला हा कार्यक्रम विनामूल्य मिळतो. त्याची रीत पाहून आम्हांस जुन्या लेखकूंची आठवण झाली. कसर लागलेली पोथी उतरवितांना शहाणा लेखकू एका गेलेल्या अक्षरापाशीं दिवस घालवीत नाहीं. तेथें जागा कोरी सोडतो, पुढचीं सुवाच्य पानें आधीं उतरवून घेतो, आणि मग गाळलेल्या जागांकडे वळतो. हा कार्यक्रमही तसाच: निरोगी भाग प्रथम, रोगट भाग शेवटीं, आणि काय झालें, काय राहिलें याची नोंदवही बरोबर. मध्येंच वीज गेली तरी काम तेथूनच पुढें चालतें. दुरुस्ती, शोधाशोध, सारें मग त्या नकलेवर करावें. मुळास हात लावूं नये.

मूळ लेखनावर दुसरें कांहीं लिहिलें गेलें नाहीं तर किती वांचूं शकतें, याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १ फेब्रुवारी २००३ रोजीं कोलंबिया हें अवकाशयान परत येतांना आकाशांत भंगलें आणि कल्पना चावला यांसह सातही अंतराळवीर मृत्यु पावले. अवशेषांत जळून वितळलेली एक हार्ड डिस्क सांपडली. तिच्या तबकड्यांस इजा झाली होती, पण ती मुख्यतः मजकूर नसलेल्या भागास. तज्ज्ञांनीं सुमारें ९९ टक्के मजकूर परत मिळविला, आणि झेनॉन वायूवरील त्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ सालीं प्रसिद्ध झाले.

आमच्या तबकडीचा बहुतेक भाग पहिल्या रात्रींतच उतरला. उरलेल्यास तीन दिवस लागले. कांहीं कप्पे अखेरपर्यंत बोलले नाहींत. त्यामुळें एका ओवींत दोन शब्दांची जागा रिकामी आहे. आमच्या धाकट्या बहिणीस ते शब्द पाठ होते. तिनें ते सांगितले, आम्हीं लिहून घेतले. शब्द मिळाले, पण त्या दोन शब्दांपुरता आईचा आवाज गेला तो गेलाच.

आतां आमच्या घरीं तीन प्रती आहेत: एक संगणकांत, एक कपाटांतील निराळ्या तबकडीवर, आणि एक पुण्यास मुलाच्या घरीं. नव्या धर्तीच्या एसएसडींत फिरती तबकडी नसते, तरी तीही पूर्वसूचनेवांचून बंद पडूं शकते. म्हणून नवें यंत्र घेतलें तरी प्रतींस पर्याय नाहीं. आणि प्रत नुसती असून भागत नाहीं, ती उघडते कीं नाहीं हेंही पाहावें लागतें. दसऱ्यास आपण पाटीपूजन करितों. त्याच दिवशीं या तिन्ही प्रती उघडून पाहण्याचा नेम आम्हीं केला आहे. यंदां नातीनें ओव्या लाविल्या आणि सर्व मंडळींनीं बसून ऐकल्या. वाचकांच्या घरींही असें कांहीं एकाच प्रतींत असेल, तर दसऱ्याची वाट न पाहतां आजच त्याची दुसरी प्रत करावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.