‘व्हावे’ आणि ‘होवो’

क्रियापद केवळ घडणारी गोष्ट सांगत नाही. जी घडावी असे मनात असते, तीही सांगते. ‘राम जातो’ हा स्वार्थ, ‘रामाने जावे’ हा विध्यर्थ. ‘राम सुखी होवो’ हे आशीर्वादाचे रूप आपले व्याकरणकार आज्ञार्थात घालतात.

अशी इच्छादर्शक रूपे सर्वच भाषांत टिकत नाहीत. नॉर्वे देशाच्या प्राचीन भाषेत ती विपुल होती; आजच्या नॉर्वेजियन भाषेत ठरावीक वाक्प्रचारांपुरतीच उरली आहेत. ‘लेवे कोंगेन’ म्हणजे ‘राजा चिरायु होवो’. ‘ताक वॅरे’ याचा मूळ अर्थ ‘आभार असोत’. पण बोलणाऱ्यास आता त्यातून ‘मुळे’ एवढाच बोध होतो. आपल्या पत्रांतील ‘असो’ची गत याहून फारशी निराळी नाही!

संस्कृतातही हेच घडले. वेदांतील लेट् लकार पुढे लोपला. ज्याचे नाव आपल्या उज्जयिनीशी जोडले जाते, त्या कालिदासाच्या भाषेत तो नाही. त्याचे कार्य लिङ् व लोट् यांनी उचलले. लोट् लकारातील ‘भवतु’ प्राकृतात ‘होउ’ झाले आणि मराठीत ‘होवो’.

‘व्हावे’, ‘करावे’ यांचे कुळ मात्र वेगळे. ती ‘कर्तव्य’ शब्दातील ‘तव्य’ प्रत्ययापासून आली. कर्तव्य म्हणजे जे केले जाण्यास योग्य ते. म्हणून सकर्मक विध्यर्थी क्रियापद कर्त्याकडे न पाहता कर्माकडे पाहते. रामाने ग्रंथ वाचावा, पोथी वाचावी, पुस्तक वाचावे, सीतेनेही तसेच.

येथेच आपल्या माळव्यातील मराठी मुलांची खरी कसोटी आहे. हिंदीत ‘राम पोथी पढ़े’ म्हणतात; तेथे कर्ता प्रथमेत असून क्रियापद त्याच्याच मागे जाते. शिंदेशाहीपासून येथे वसलेल्या कुटुंबांतील मुले दिवसभर हिंदी बोलतात. घरी परतल्यावर ‘रामाने’मधील ‘ने’ जिभेवरून सहज निसटू शकतो. ‘मी जाऊ?’ आणि ‘मैं जाऊँ?’ यांत दोन्ही भाषा सख्ख्या बहिणी भासतात, म्हणून तर फसगत अधिक!

दोन्ही मराठी रूपे शेजारी पाहावयाची असल्यास 1290 साली पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीतील पसायदान व्याकरणाच्या दृष्टीने वाचावे. आरंभी देवाकडे मागणे आहे, तेथे देव हा कर्ता तृतीयेत असून क्रियापदे ‘आवे’कारान्त आहेत. मागणे जगाकडे वळताच क्रियापदे ‘ओ’कारान्त होऊ लागतात.